अमेरिकेचं गाऱ्हाणं

रत्नागिरी,
११ ऑक्टोबर २०२०

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. तुम्ही, गुरुप्रसादराव आणि आपला ऋत्विक खुशाल असाल. तिकडे एव्हाना थंडी पडायला लागली असेल. इथे भात पिकलंय आणि ऊन असं की दुपारी दार उघडवत नाही. ह्यांची तब्येत बरी आहे. मार्चमध्ये छातीचं ऑपरेशन झालेला माणूस आता स्वतः बाजारात जाऊन भाजी आणतो, आणि मी बडबडले की 'डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय' म्हणतो.

आपलं ठरलं तसं हे कागदावर लिहून, फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवते आहे. फोनवर बोलायला बसलं की इकडे नम्रता, तिकडे जावईबापू, मध्ये ऋत्विकची पळापळ. आपण दोघी एकमेकींना 'जेवलात का' विचारतो आणि संपलं. नम्रताला या पत्रांचं ठाऊक नाही. वाचून झालं की पुसून टाका.

गेल्या रविवारी पालीला जाऊन तुमचं घर उघडून आलो. मागच्या पडवीत थोडं गळलं होतं, ते ह्यांनी माणूस लावून करून घेतलं. बाकी सगळं जागच्या जागी आहे. तुमच्या स्वयंपाकघरात मी थोडा वेळ बसले. फळीवर तुमची पितळेची चहादाणी पालथी घालून ठेवलेली. दोन महिन्यांसाठी गेलेल्या बाईचं घर कसं दिसतं, ते पाहून गलबललं. तुम्ही नातवाला सांभाळायला म्हणून गेलात आणि तिकडेच अडकलात. माझी लेक वडिलांच्या ऑपरेशनला म्हणून पंधरा दिवसांसाठी आली आणि इकडेच अडकली. आपल्या दोघींच्या घरांत माणसांची अदलाबदल झाली आहे.

आता गंमत सांगते. आमच्या ओट्यावर सध्या रोज संध्याकाळी अमेरिकेची निवडणूक चालते. शेजारचे मजीदभाई तुम्हाला लग्नात भेटले होते, माझ्या शाळेतल्या शरीफाचे यजमान. आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. ते त्यांच्या कुंपणाच्या गडग्यावर बसतात, हे आमच्या ओट्यावर, मध्ये करोनाचं अंतर, त्यामुळे सगळी चर्चा आख्ख्या आळीला ऐकू जाते. मजीदभाईंचं म्हणणं, आता आहे तोच अध्यक्ष परत येणार. गादीवर बसलेला माणूस आपणहून उठत नाही आणि लोकांनाही त्याला उठवायचा कंटाळा असतो. आपण तिकडच्या बंदरांत गेलोय, तिथल्या धक्क्यावरची माणसं पाहिली आहेत, असा त्यांचा दाखला. त्यावर ह्यांनी काल टोला दिला, "मजीद, तू धक्का बघितलास. देश कुठे बघितलास?" मजीदभाई म्हणाले, "आणि तुम्ही काय बघितलात भाऊ, मारुती मंदिराचा स्टॉप?" पैज लागली आहे, मोठ्या सुरमईची.

नम्रता मांडीवर कंप्युटर घेऊन बसते आणि कुठल्या राज्यात कोण पुढे ते सांगते. राज्यांची नावं मला येतात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसनी अमेरिकेचा नकाशा आमच्याकडून रंगवून घेतला होता. पाच सरोवरं निळी, एकीकडे डोंगर तपकिरी. मी आणि शरीफा एकाच पेटीतले रंग वापरायचो. तेव्हा तो देश म्हणजे आम्हाला फक्त रंगवायची एक गोष्ट होती.

शरीफाने परवा मला विचारलं, कुठला कोण अध्यक्ष, तुमच्या पोरीचं त्याच्याशी काय देणंघेणं? मी तिला समजावून सांगितलं, की नम्रताच्या पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, त्याशिवाय तिला परत जाता येत नाही. आधी करोनामुळे मुंबईची कचेरी बंद झाली. मग जूनमध्ये त्या अध्यक्षांचा हुकूम निघाला, की नोकरीवाल्या परदेशी माणसांना नवे शिक्के द्यायचे नाहीत. जावयांचंही तेच. ते मुलाला घेऊन इकडे आले तर तेही अडकतील आणि तिकडची नोकरी जाईल. तोच अध्यक्ष परत आला तर हुकूम चालू राहणार, हरला तर उठणार, असं सगळे धरून आहेत. शरीफा म्हणाली, "म्हणजे तो पडायला पाहिजे." मी म्हटलं, चहा टाकते.

परवाच्या व्हिडिओ कॉलवर ऋत्विक तुमच्या पदरामागे लपला, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते तुम्ही ऐकलंत, मीही ऐकलं. नम्रता हसली. लहान आहे तो. त्याबद्दल मी काही मनात धरलेलं नाही.

थंडीचं अंगावर घालत जा. तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते.

तुमची,
मालन


रत्नागिरी,
२२ नोव्हेंबर २०२०

प्रिय विहीणबाई,

तुमचा आवाज दिवाळीत फोनवर ऐकला, बरं वाटलं. तिकडे तुम्ही चकल्या केल्यात आणि जावईबापूंनी सोऱ्या नाही म्हणून केक सजवायच्या नळीतून पाडल्या, हे ऐकून हे दिवसभर हसत होते. इथे नम्रताने कंदील लावला. फराळ तिने केला, मी नुसती बसले होते.

निकाल तुम्हाला आमच्या आधी कळला असेल. इथे मतमोजणीचे ते चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. रविवारी सकाळी मजीदभाई सुरमई घेऊन आले. गडग्यावर ठेवली आणि म्हणाले, घ्या भाऊ, तुमचा माणूस आला. तरी वाद संपला नाही. आता त्यांचं म्हणणं, हरला म्हणतात, पण उठलाय कुठे? उठेल तेव्हा खरं. ह्यांनी सुरमईकडे बोट दाखवून म्हटलं, "ही उठली ना पाण्यातून?" नम्रताने तुकड्या तळल्या. खूप दिवसांनी गाणं गुणगुणत स्वयंपाक करत होती.

फोन ठेवताना तुम्ही मला म्हणालात, "नम्रताला तुमच्यासारखी आई मिळाली, म्हणून ती या दिवसांत टिकली." तुम्ही ते मनापासून म्हणालात. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. म्हणून जे कुणी तुम्हाला सांगणार नाही ते मीच लिहिते.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं माझ्या माहेरी गेलो होतो, संगमेश्वराच्या आत. भात झोडून झालं होतं, वहिनीने नव्या तांदळाचं जेवायला बोलावलं होतं. तिनेच काढलं, की देवीला कौल लावून घ्या, पोरीच्या जाण्याचं काय ते विचारा. नम्रता आधी हसली. अमेरिकेची निवडणूक देवीला काय विचारायची, म्हणाली. मग माझ्याआधी चपला घालून उभी.

देवळं तेव्हा बंदच होती. आप्पा गुरव तेवढा रोजच्या पूजेला आत जायचा. आम्ही बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे. पालीला कसं करतात ठाऊक नाही, आमच्याकडे गुरव घरच्यांच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, जे मागायचं ते देवीला स्वच्छ शब्दांत सांगतो, आणि मागे उभ्या असलेल्या घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

आप्पाने मला जवळ बोलावून विचारलं, काय मागायचं. मी म्हटलं, पोरीचं भलं होऊ दे. तो म्हणाला, "ताय, असा मोघम चालत नाय. जावंदे का ऱ्हावंदे?"

विहीणबाई, माहेरच्या वाटेवर मी 'जाऊ दे' हेच मनात घोळवत गेले होते. तोंडातून आलं, "राहू दे." आणि एकदा ते आल्यावर बाकीचंही आलं. तो अध्यक्ष परत निवडून येऊ दे, असंही मी म्हटलं. हळू म्हटलं. मला वाटलं, आप्पा ते आपल्यापुरतं ठेवील आणि देवीला काय ते पुटपुटेल. साठी उलटलेली मी, त्या देवळात वाढले, आणि एवढं विसरले की गाऱ्हाणं कधी कानात घालत नाहीत.

तो देवीकडे वळला आणि आख्ख्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाला. "आई म्हाराजा, तुजी माहेरवाशीण दारात आलीय. अमेरिकेच्या गादीवर जो कोन बसलाय, त्याला तू पुन्ना बसव. त्याची गादी हालवू नको. तो बसला म्हंजे हिची लेक हितंच ऱ्हाते. ती हिच्या नजरेसमोर ऱ्हावंदे, दर्यापार जावं नको दे रे म्हाराजा."

ह्यांच्या तोंडून सवयीने "व्हय म्हाराजा" निघून गेलं, आणि मग आपण कशाला होकार दिला ते त्यांना कळलं. माझी जीभ उचलेना. आप्पा हातात फूल घेऊन थांबला. घरच्यांचा होकार पुरा झाल्याशिवाय फूल लावत नाहीत. त्याने मागे वळून नम्रताकडे पाहिलं. तिच्या तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, देवीकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने.

उजवं फूल पडलं. लगेच पडलं.

परतताना गाडी हातखंब्याला वळली. तेव्हा मी विचारलं, का म्हणालीस. ती म्हणाली, गाऱ्हाणं अर्धं ठेवू नये, तूच लहानपणी शिकवलंस. आणि पुढे थोडं जाऊन म्हणाली, "आई, तुला मी हवी आहे ते मला कळलं. मला वाईट नाही वाटलं. पण मलाही माझं कोणीतरी हवं आहे ना."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जे मागितलं ते हातात आलं होतं, आणि मला ते नको होतं. तिला तसं हसत-बोलत, भाजी निवडत, आमच्या खोलीत अंथरुणं घालत आयुष्यभर बघायचं, आणि रोज संध्याकाळी ती त्या काचेतल्या मुलाला हात हलवणार. पण दिलेला कौल फिरवून मागत नाहीत. मतमोजणी चालू होती तेव्हा ती प्रत्येक राज्याला उठून बसायची, आणि मी नकाशाकडे बघत बसायचे. देवी माझं ऐकेल याची मला भीती वाटत होती.

तिने ऐकलं नाही. का ते मला ठाऊक नाही. मी पाडव्याला देवळं उघडल्यावर ओटी भरून आले.

तुमच्या मुलाचा संसार दोन तुकड्यांत राहावा, असं मी देवीपुढे मागितलं. सांगायचं होतं ते हे. तुमच्या नातवाचा विचार माझ्या मनात त्या घटकेला आलाच नाही. आता तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, पण चांगली आई एवढं म्हणू नका.

तुमची,
मालन


रत्नागिरी,
८ एप्रिल २०२१

प्रिय विहीणबाई,

नम्रताच्या पासपोर्टवर परवा शिक्का पडला. जुना हुकूम मार्चअखेर संपला, नव्या अध्यक्षांनी तो पुढे वाढवला नाही, आणि कंपनीने धडपड करून तिला मुंबईची वेळ मिळवून दिली. रविवारी तिचं विमान. इथे पुन्हा सगळं बंद व्हायची लक्षणं आहेत, म्हणून आम्ही दोघं मुंबईला जात नाही. मजीदभाईंच्या ओळखीचा गाडीवाला तिला विमानतळावर सोडेल. तेव्हा आमचा निरोप इथेच, फाटकात.

आंबा यंदा कमी आहे. तिकडे नेता तर येत नाहीच. ह्यांनी कुळथाचं पीठ, आंबापोळी, तुमच्यासाठी गुडघ्याचं तेल असं बॅगेत भरलंय. रोज बॅग उघडतात, वजन करतात, परत बंद करतात. तिने स्वतःसाठी काही घेतलेलं नाही. ऋत्विकचे कपडे घेतले, पण मापाचं तिला कळेना, म्हणून तीन मापांचे घेतले.

माझ्या मागच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. फोनवर 'जेवलात का' विचारलंत, पूर्वीसारखंच. तुम्ही माफ केलंत की मनात ठेवलंत ते मी विचारणार नाही. पण आज जे लिहायचंय ते तिच्या आधी तुमच्यापर्यंत पोचायला हवं. ऑक्टोबरपासून मी त्याच्याभोवती फिरते आहे.

तो तुम्हाला आई म्हणतो.

त्याला ते कोणी शिकवलं नाही. गुरुप्रसादराव दिवसभर तुम्हाला 'आई' हाक मारतात, पोराच्या कानावर तेच पडतं. नम्रता तिकडून निघाली तेव्हा तो नुकता बोलायला लागला होता. बाबा जिला आई म्हणतो ती आई, एवढंच त्याला कळलं. आणि नम्रताला बाबा फोनवर 'नमू' म्हणतात, म्हणून तोही 'नमू' म्हणतो. यात तुमचा दोष नाही, त्याचा नाही, कुणाचाच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लिहिलं, की मनात धरलेलं नाही. ते खरं नव्हतं.

जानेवारीत तो सोफ्यावरून पडला, तो कॉल तुम्हाला आठवत असेल. तो रडत आई आई करत उठला आणि नम्रताने इकडे हात पुढे केले. पडद्याकडे. तो तुमच्याकडे धावला, तुम्ही त्याला पोटाशी धरलंत, ते बरोबरच केलंत. पण इकडे तिचे हात तसेच राहिले होते, विहीणबाई. मी शेजारी बसले होते. तिने ते हात मागे घेतले आणि कंप्युटरवरची धूळ पुसली.

काल ती मला म्हणाली, "त्याने मला ओळखलं नाही तर?" मी म्हटलं, आईला मूल ओळखतंच, रक्ताचं असतं ते. मला ठाऊक आहे, असं काही नसतं. जो ताप उतरवतो त्याला मूल ओळखतं. वर्षभर ते तुम्ही केलंत. त्याचे दात, त्याची खोकल्याची रात्र, त्याचा भात मऊ करून देणं. परक्या देशात, गुडघे दुखत असताना. त्याला कडेवर घेऊन तुम्ही बाहेरचा बर्फ दाखवता तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी कॉलवर पाहिलंय. तुमचे यजमान गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

म्हणून मागायला जड जातं. तरी मागते.

ती दारात येईल तेव्हा त्याला कडेवर घेऊ नका. जमिनीवर उभा असू दे. तो तुमच्याकडे धावेल, पदर धरेल. त्याला जवळ घ्या, पण उचलू नका. तिच्याकडे बघून तुम्ही 'आई आली' म्हणा, तुमच्या तोंडून, जावयांच्या नव्हे. तुमच्या तोंडून आलं तरच त्याला ते खरं वाटेल. पहिले काही दिवस तो तिच्याजवळ झोपणार नाही, रडेल. तुम्ही पलीकडच्या खोलीत असाल आणि तुम्हाला ते ऐकू येईल. उठून येऊ नका. त्याने जेवण तुमच्याकडे मागितलं तर ताट तिच्या हातात द्या. त्याने आई म्हणून हाक मारली, तर 'ओ' देऊ नका.

 सख्ख्या बहिणीला मी असं सांगितलं नसतं. पण मला एकदा विचारलं होतं, जाऊ दे की राहू दे, आणि मी राहू दे म्हटलं होतं. तुम्हाला तसं कोणी विचारणारही नाही. तुमच्यापुढे तो प्रश्न रोज येईल, दिवसातून दहा वेळा, आणि दर वेळी तुम्हाला एकटीला ठरवावं लागेल. मला जे एकदा जमलं नाही ते तुम्ही रोज करायचं आहे. कुठल्या तोंडाने हे सांगते आहे, ते मलाही कळत नाही.

तुम्ही परत याल तेव्हा पालीचं कुलूप एकटीने उघडू नका. आम्ही दोघं येऊ. मी तिथे तुमच्याकडे चार दिवस राहीन, तुम्ही नको म्हटलंत तरी. घर फार मोठं वाटेल तुम्हाला. आमचंही रविवारपासून मोठं होणार आहे. त्याची मला आताच सवय करायची आहे, म्हणून आज दुपारी ती झोपली असताना मी तिची आमच्या खोलीतली गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. उठल्यावर तिने ती तिथे पाहिली. रात्री परत आणून घालेल, आणखी तीन दिवस.

हे पत्र पुसू नका. पुढे कधी तो मोठा झाला आणि त्याने विचारलं, की आपल्याला लहानपणी कोणी वाढवलं, तर हे त्याला दाखवा. तुमचं नाव त्यात मी लिहिलं आहे असं सांगा. तुळसा आजी.

लोभ असू द्या, असं म्हणायची मला आता हिंमत नाही. तुम्हाला जमेल तेवढाच असू द्या.

माझी मुलगी तुमच्याकडे येते आहे. तिला तिचा मुलगा द्या.

मालन